बाईंची बिअर

हवल्लीतली ती खोली बघायला मी गेले, तेव्हा बाईंनी माझं नाव विचारायच्या आधी माझा वास घेतला. दारातच. मान जराशी पुढे काढून, डोळे मिटून, बाजारात खरबूज हुंगावं तसा. मग म्हणाल्या, "मशीनमध्ये साबण जास्त टाकतेस. कपड्यातच राहतो तो. चपला काढ आणि आत ये."

मी तेव्हा कुवेत सिटीतल्या एका बँकेत कॉम्प्युटर विभागात नवीन लागले होते आणि अब्बासियात एका खोलीत चौघीजणी राहून वैतागले होते. कुणीतरी सांगितलं, हवल्लीत एक मराठी जोडपं आपल्या फ्लॅटमधली खोली एखाद्या मुलीला देणार आहे. म्हणून गेले. बाई साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, केस अगदी बारीक कापलेले, आणि घरातसुद्धा अंगात पांढरा एप्रन. मिरजेच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेलं. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, इथं एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंटंट. कित्येक वर्षं संसार असाच चालला, हे इकडं आणि त्या तिकडं. निवृत्त झाल्यावर बाई फॅमिली व्हिसावर कुवेतला आल्या. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, हे त्यांना विमानतळाच्या बाहेर आल्यावर कळलं. निदान काका तरी तसं सांगायचे.

खोली दाखवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "हे बाथरूम आपल्या तिघांचं. पलीकडचं बंद आहे."

"बिघडलंय का?"

"भाडेकरू आहेत त्यात. बघायचेत? हात धू. कोपरापर्यंत."

आत टबात पाणी भरलं होतं आणि त्यात प्लास्टिकचा एक मोठा पारदर्शक पिंप उभा होता. त्याला ओल्या सुती साडीचा वेढा. झाकणातून एक नळी निघून पाण्याच्या बाटलीत गेली होती, आणि त्या बाटलीत थोड्या थोड्या वेळानं 'बुडुक' असा आवाज होत होता. बाईंनी माझ्या हातात टॉर्च दिला, साडी बाजूला केली आणि म्हणाल्या, "झाकणाला हात लावायचा नाही. बाहेरून बघ आणि सांग, बरं चाललंय की नासलंय?"

मी बघितलं. वर तपकिरी, मळकट फेसाचा थर होता. कडांना गाळ चिकटला होता. गटाराच्या तोंडाशी साठतो तसा.

"नासलंय," मी म्हटलं.

"नापास," बाई म्हणाल्या. "तो फेस म्हणजे आत काम जोरात चाललंय. बाळंतिणीची खोली कधी चकचकीत असते का? राहायला कधी येतेस?"

लिफ्टमधून खाली येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी बिअर बघून आले आणि ज्या देशात बघितली तिथं ती बनवली तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द होऊन माणूस थेट घरी जातो. शहाणी मुलगी अब्बासियात परत गेली असती. मी त्याच आठवड्यात सामान घेऊन आले. अब्बासियातल्या खोलीत मला कुणी काही विचारतच नव्हतं. इथं आल्या आल्या परीक्षा झाली होती, आणि आपण नापास झालो याची मला चुटपुट लागली होती.

बाई स्वतः पीत नव्हत्या. नावड म्हणून नाही की व्रत म्हणून नाही, त्यांना ते द्रव्य प्यायचं वाटतच नसे. चमचाभर तोंडात घ्यायच्या, गालात फिरवायच्या, बेसिनमध्ये थुंकायच्या आणि निकाल सांगायच्या. इथं आल्यावर पहिले काही महिने त्यांनी दही, कांजी, व्हिनेगर, तऱ्हेतऱ्हेची लोणची असं सगळं करून बघितलं. मग कंटाळल्या. "दही काय, कुणालाही लागतं," त्या म्हणायच्या. "बिअर बिघडायला बाराशे वाटा आहेत. म्हणून तिच्यात मजा." सुपरमार्केटात बिनअल्कोहोलचं माल्टचं पेय मिळतं, ते त्या पेट्यांनी आणायच्या. यीस्ट त्यांनी स्वतः जोपासलं होतं. ते फ्रिजमध्ये एका बरणीत असे, आणि बरणीवर चिठ्ठी असे, 'इडलीचं पीठ, हात लावू नये'. एकदा मी खरंच इडलीचं पीठ समजून त्यात मीठ घालणार होते. बाई इतक्या वेगानं स्वयंपाकघरात आल्या, की त्यांना संधिवात आहे यावरचा माझा विश्वास तिथंच उडाला.

घरात पिणारे एकटे काका. शुक्रवारी दुपारी, पडदे ओढून, जेवणाआधी एक ग्लास. काकांना बिअर फार प्रिय आणि भीती त्याहून प्रिय. त्या 'बुडुक'चा आवाज तळमजल्यावर बसणाऱ्या हारिसला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला, ऐकू जातो अशी त्यांची पक्की समजूत होती. फेस भरात असला की ते टीव्हीचा आवाज मोठा करायचे. हारिसनं एकदा माझ्याजवळ तक्रार केली, की तुमच्या काकांना कमी ऐकू येतं का, डॉक्टरला दाखवा.

बाईंचं मुख्य वाक्य असं होतं: "आंबणं आणि नासणं यात फरक एवढाच, की आधी कोण पोचलं." जेवताना, भांडी घासताना, माझ्या ऑफिसच्या कटकटी ऐकताना, हे वाक्य कधीही यायचं. चांगलं यीस्ट आधी पोचलं तर बिअर. हवेतलं उनाड काही आधी पोचलं तर शिर्का, म्हणजे व्हिनेगर, नाहीतर चिकट पाणी. मग त्या समजावून सांगायच्या. पहिल्या दिवसांतला मळका फेस चांगला. तो बसल्यावर वर पांढरी, पापडासारखी फोड आलेली साय धरली, तर गेलं. अंड्याचा वास आला तर घाबरायचं नाही, जातो. नेलपॉलिशचा वास आला तर घाबरायचं. चमच्यातून ओतताना तार सुटली तर टाकून द्यायचं. "आणि एक लक्षात ठेव," त्या म्हणायच्या, "नासलेल्या बिअरनं कुणी मरत नाही. नुसतं तोंड वाईट होतं."

माणसांनाही त्या हेच शास्त्र लावायच्या. काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ अधूनमधून शुक्रवारी जेवायला यायचे आणि ग्लास तोंडाला लागायच्या आत "वा वहिनी, एकदम जर्मन" म्हणायचे. एकदा बाईंनी त्यांना शिर्का झालेल्या घाण्यातला ग्लास भरून दिला. गृहस्थ प्याले, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, "वा वहिनी, एकदम जर्मन." बाईंनी ग्लास काढून घेतला. "भावजी, तुम्ही जेवायला येत जा," त्या म्हणाल्या, "चव बघायला नको."

मला बघायला, म्हणजे तसं ठरवून नाही, पण बघायलाच, एक मुलगा घरी आला होता. बाईंनी त्याला चहा दिला, वाकून वास घेतला आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "अत्तर मारणारा माणूस काहीतरी झाकतो. आत बुरशी आहे." त्या बाबतीत बाई चुकल्या. मी त्याच्याशीच लग्न केलं. त्याला नुसता अत्तराचा शौक आहे.

पण बिअरच्या बाबतीत त्या चुकत नव्हत्या. निदान त्या उन्हाळ्यापर्यंत.

त्या उन्हाळ्यात आमचा एसी सारखा बंद पडायचा. इथं उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं, गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापलेल्या असतात. टबात बर्फ टाकला तर मी ऑफिसमधून येईपर्यंत त्याचा चहा करता यावा अशी स्थिती. पहिला घाणा बिघडला. वर पांढरी साय, अगदी पापडासारखी, मीही ओळखली. बाईंनी ओतून दिला. दुसऱ्याच्या झाकणाभोवती चिलटं जमली आणि बाथरूमभर शिर्क्याचा वास. तोही गटारात गेला. बाईंनी पिंप, नळ्या, चमचे सगळं उकळत्या पाण्यानं धुतलं, नंतर पुन्हा धुतलं. मला बाथरूमच्या दारातून आत बघायचीही बंदी झाली.

तिसरा घाणा छान उतरला. पाणी स्वच्छ, वर काही नाही, कडा कोरड्या. बाईंनी आम्हा दोघांना चमचा-चमचा दिला. काकांनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झाला.

"झकास आहे," काका म्हणाले.

मलाही चांगली लागली. कडसर, मागे ब्रेडसारखा वास. बाईंनी मात्र चमचा पुन्हा पुन्हा हुंगला.

"मागे काहीतरी आहे."

"काय आहे?" काकांनी विचारलं.

"सांगता येत नाही. पण आहे."

"सांगता येत नाही तर राहू दे की. मी पितो. माझ्या जबाबदारीवर."

"संशय आला की ओतायचं," बाई म्हणाल्या. "पोरांना जन्मभर हेच शिकवलं. घरात वेगळं कसं करू?"

आणि त्यांनी पिंप कलंडला. काका दारात उभे राहून बघत होते. सगळं वाहून गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तुझ्या प्रयोगशाळेत एक नवराही राहतो, एवढं ध्यानात असू दे." आवाज अजिबात चढला नव्हता. चपला घालून ते खाली पेपर आणायला गेले. त्या दिवशी बाईंनी जेवताना एकदाही कशाचा वास घेतला नाही.

पुढच्या गुरुवारी काका ऑफिसमधून उशिरा आले. म्हणाले, सहकाऱ्याकडं अब्बासियात गेलो होतो, पत्ते खेळलो. शुक्रवारी सकाळी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. दुपारी जेवायला बसले तेव्हा आमटी भाताऐवजी ताटाच्या कडेला ओतली. मला वाटलं झोपेत आहेत.

"बाहेर एवढं पांढरं का दिसतंय?" ते म्हणाले. "धुळीचं वादळ आहे का?"

खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या इमारतीवरचे कपडे मोजता आले असते.

बाई उठल्या. त्यांनी काकांच्या तोंडाजवळ नाक नेलं, मग दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा उजेडाकडं वळवला.

"काल काय प्यालात?"

"अगं, जराशी. कुणीतरी बाटली आणली होती. बाहेरची, चांगल्या लेबलची."

"गाडीची किल्ली घे," बाई मला म्हणाल्या. एप्रन काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

काका खुर्चीतून उठेनात. "दवाखान्यात नको. पोलिस येतील. इकामा जाईल. या वयात मला तिकडं कोण विचारणार? जरा पडतो, उतरेल."

"अहो, ही उतरणारी नाही," बाई म्हणाल्या. "दारूत मिथेनॉल आहे. स्पिरिटाचा भाऊ, पण विष. हे पोटात गेल्यावर विष व्हायला वेळ लागतो, म्हणून काल काही झालं नाही. आता होतंय. डोळे गेल्यावर कुठल्या देशात राहताय ते तरी कळेल का तुम्हाला?"

गाडीत मागच्या सीटवर त्यांनी काकांचा हात घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हातात काकांचा फोन होता. "काल कोण कोण होतं? नावं सांगा."

"त्यांना कशाला अडकवतेस?"

"घाणा आहे तो. एकात आहे म्हणजे सगळ्यांत आहे."

काकांनी नावं सांगितली. बाईंनी ज्यांच्या घरी बैठक झाली त्या सहकाऱ्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. झोपाळू आवाज आला, "वहिनी, काही नाही, जरा जास्त झाली. उलट्या झाल्या. झोपतो आता."

"भावजी, खोलीत घड्याळ आहे?"

"आहे की. समोर भिंतीवर."

"किती वाजलेत सांगा."

फोनवर खाटेची करकर ऐकू आली. मी सिग्नलला थांबले होते. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला.

"वहिनी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला, "भिंत दिसतीय. घड्याळ दिसत नाही."

"कुणालातरी हाक मारा आणि गाडीत बसा. काल जे जे होते त्यांना उचला, झोपलेले असले तरी. सरकारी दवाखान्यात या. आम्ही पोचतोय."

दवाखान्यात एक तरुण इजिप्शियन डॉक्टर होता. मी मनातल्या मनात काय सांगायचं, काय लपवायचं याची जुळवाजुळव करत होते. बाईंनी त्याची गरजच ठेवली नाही. कॉलेजातल्या इंग्रजीत, प्रत्येक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं: मिथेनॉल, काल संध्याकाळी, नजर पांढरी झालीय, आणखी तिघं येताहेत. डॉक्टरनं बाईंच्या एप्रनकडं बघितलं.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मास्तरीण आहे. तुम्ही सुरू करा."

त्यांनी सुरू केलं. उतारा दिला, रक्त शुद्ध करायच्या यंत्राला जोडलं. थोड्या वेळानं बाकीचे तिघंही आले. त्यातल्या एकाला दोघांनी धरून आणलं होतं, तो खोलीत झोपलेलाच होता आणि हलवून उठत नव्हता. अर्ध्या तासानं आणला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाला.

आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. बाईंचे दोन्ही हात एप्रनच्या खिशात.

"ती तिसरी चांगली होती," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला संशय आला होता ना?"

"बिअरचा नव्हता तो. आधीच्या दोन नासल्या, म्हणून तिसऱ्यात मी नासकंच हुडकत होते. हुडकलं की सापडतंच. बिअर ठीक होती, माझं नाक नासलं होतं." मग त्या म्हणाल्या, "घरची ग्लासभर दिली असती, तर हे गृहस्थ पत्ते खेळायला गेलेच नसते. यांना पत्ते येत नाहीत."

मला हसू आलं. बाईही जराशा हसल्या, आणि मग त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

चौघंही वाचले. घड्याळ न दिसलेल्या सहकाऱ्याचा एक डोळा गेला. काकांची नजर परत आली, पण अर्धवट. बाजूचं दिसतं, मधोमध धुकं. पोलिस वॉर्डात येऊन जबाब घेऊन गेले. ती बाटली कुठून आली ते कळलं, आणि तसल्या आणखी बाटल्या पकडल्या गेल्या. आमच्या घरी कुणी आलं नाही. पण काकांचा इकामा गेला तो गेलाच, आणि काकांबरोबर बाईंचाही. निघायच्या आधी बाईंनी तो पिंप स्वच्छ घासला, उन्हात वाळवला आणि मला दिला. "तांदूळ ठेव. किडे होणार नाहीत." यीस्टची बरणी त्यांनी काय केली, ते मी विचारलं नाही.

गेल्या सुट्टीत आम्ही दोघं मिरजेला त्यांच्याकडं जाऊन आलो. जाताना नवऱ्याला अत्तर न लावण्याबद्दल मी बजावलं होतं. त्यानं ऐकलं नाही. बाईंनी त्याला आत घेतलं आणि काहीही न बोलता पंखा वाढवला.

काका ओसरीवर खुर्चीत बसले होते. आता कुणाशी बोलायचं तर ते त्याच्या कानाकडं बघतात, म्हणजे त्यांना चेहरा दिसतो. पहिल्यांदा आपल्याला वाटतं, आपल्या मागे कुणीतरी उभं आहे. तब्येत छान होती. आकडे वाचता येत नाहीत म्हणून आयुष्यात पहिल्यांदा सुखात आहे, असं म्हणाले. बाई त्यांना रोज पेपर वाचून दाखवतात आणि अग्रलेखातल्या चुका काढतात.

गप्पा कुवेतवर आल्या. हारिस, एसी, नळाचं कढत पाणी. मग काका माझ्या कानाकडं बघत म्हणाले, "ती तिसरी होती ना, ती आंबटच होती हं. मी तेव्हा बोललो नाही. मला प्यायची घाई झालेली." मग म्हणाले, "तूही चाखली होतीस की. होती ना आंबट?"

बाई आतून चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या दारात थांबल्या.

"होती," मी म्हटलं. "गिळल्यावर घशाशी लागत होती."

काकांनी मान डोलावली. "तेच सांगतोय मी हिला, आल्यापासून. ऐकते कुठं?"

बाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग काकांकडं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, एक कप उचलला आणि काकांच्या हातात दिला. काकांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट मिटेपर्यंत त्यांनी स्वतःचा हात तसाच ठेवला.

"साखर बघा पुरे का," त्या म्हणाल्या. "मी नाही चाखलेला."